अर्ध्या वाटेवरच्या पेशी

माझी पहिली तपासणी मी स्वतःच केली, कुणालाही न सांगता.

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. सुरुवातीला रक्त-लघवीचं काम होतं. पुढे तुकड्यांच्या कामाला लागलो. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे येतात, ते मेणात बसवायचे, केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि आमच्या डॉक्टर मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली नेऊन ठेवायचे. माझा हात बरा आहे असं मॅडम म्हणतात.

लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एका रविवारी लॅब अर्धा दिवस होती, सगळे घरी गेले होते आणि किल्ली माझ्याकडे होती. मी माझाच वीर्याचा नमुना स्लाइडवर घेतला आणि बघत बसलो. काही नव्हतं. स्लाइड बदलली. मग नमुना मशीनमध्ये फिरवून तळाचा थेंब घेतला, कारण शुक्राणू थोडेसे असले तर तिथे सापडतात. तिथेही काही नव्हतं. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर मी रजिस्टरमध्ये ‘निल’ असं लिहून पुढच्या कामाला लागलो असतो. तशा नोंदी मी शंभरदा केल्या होत्या आणि एकाही वेळी त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला नव्हता. मी स्लाइड धुतली, टेबल पुसलं आणि घरी गेलो. बायकोनं मटण केलं होतं. दोन भाकरी खाल्ल्या, झोपलो.

बायको अकलूजची. शहराबाहेरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पहिलीला शिकवते. त्या वेळी तिचे उपचार चालू होते. गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती. गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायची तपासणी झाली तेव्हा ती दोन दिवस वाकून चालत होती. वैरागला माझी आई होती, तिनं सुनेला सोमवार आणि शुक्रवार असे दोन उपास धरायला लावले होते. बायको तेही करत होती. शाळेत जाताना डब्यात साबुदाणा न्यायची.

तिच्या डॉक्टरांनी माझ्या तपासणीचं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आमच्याच लॅबमध्ये केलीय, ठीक आहे. ते हसून म्हणाले, तुम्ही त्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं. कागद कुणी मागितला नाही. हे वाक्य मी एकदाच बोललो. पण त्यानंतर दोन वर्षं काही बोललो नाही, म्हणजे ते रोजच बोलल्यासारखं होतं. मला भीती कशाची होती, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. ती सोडून जाईल ही नव्हती. लोक काय म्हणतील ही थोडी होती. खरं म्हणजे, मी सांगितलं असतं तर आशा संपली असती, आणि मला ती संपवायची नव्हती. तिच्यात दोष सापडेल, तो दुरुस्त होईल आणि माझ्यातही आपोआप काही सुधारेल, असं मूर्खासारखं काहीतरी मी मनात धरून होतो. लॅबमध्ये काम करणारा माणूस असं धरून बसतो हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

मग डॉक्टरांनी दुर्बिणीनं ऑपरेशन करून आत बघायचं ठरवलं. तिनं शाळेत रजा टाकली. आम्ही सकाळी दवाखान्यात गेलो. तिनं बांगड्या काढून माझ्या खिशात दिल्या. नर्सनं फॉर्म आणला, त्यावर नवऱ्याची सही लागते. मी पेन हातात घेतलं आणि मला सही करता येईना.

“ऑपरेशन नको,” मी म्हणालो. “तुझ्यात काही नाही. माझ्यात आहे.”

ती बाकावर बसली होती. “तुम्हाला कसं कळलं?”

“मी बघितलंय.”

“कधी?”

“दोन वर्षं झाली.”

ती रडली नाही. उठून काउंटरवर गेली, ऑपरेशन रद्द करतोय म्हणून सांगितलं आणि आपली फाइल आणि तपासणीचे फोटो परत मागून घेतले. रिक्षात मी तिचा हात धरायला गेलो, तो तिनं बाजूला केला. घरी येऊन तिनं पिशवी भरली. दारात उभी राहून एकदाच बोलली.

“मूल नाही हे मी सोसलं असतं,” ती म्हणाली. “पण रोज सकाळी गोळीबरोबर पाण्याचा पेला तुम्ही आणून द्यायचात. ते मी कसं सोसू?”

आणि ती अकलूजच्या गाडीनं निघून गेली.

तिसऱ्या दिवशी मी वैरागला गेलो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, दोन वर्षांचंही. तिचे हात थांबले नाहीत. तिनं विचारलं, “म्हंजी तिच्यात काय न्हाय?” मी म्हणालो, नाही. मग तिनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, आन् मी तिला उपाशी ठिवली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी अकलूजला गेली. मी बरोबर येतो म्हणालो तर म्हणाली, तू येऊ नगंस. बार्शीला एक गाडी बदलायची, टेंभुर्णीला दुसरी. गुडघे दुखणारी बाई. तिथे काय झालं ते मला बायकोनं पुढे पुष्कळ दिवसांनी सांगितलं. आई त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि व्याह्यांसमोर म्हणाली, “दोष आमच्याकडचा हाय, त्यो सांगाय आले. उपास मी तुला धराय लावलं, आता मी धरीन. तू ये न्हायतर नगं येऊ, ते तुझं तू बघ.” एवढं बोलून ती परतीच्या गाडीला गेली. तिनं ते उपास खरंच धरले. अजून धरते. सोड म्हटलं तर ऐकत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली तशी बायको परत आली. शाळा उघडणार होती म्हणून आली, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पहिले काही महिने आमच्या घरात कामापुरतं बोलणं होतं. पण माझी नीट तपासणी करायची हे तिनंच ठरवलं. अर्धवट माहितीवर आता काही नको, असं तिचं म्हणणं.

रक्तातले हार्मोन सगळे ठीक निघाले. बाकीही सगळं ठीक. सर्जन म्हणाले, आत काय चाललंय ते वृषणाचा तुकडा काढून बघितल्याशिवाय कळणार नाही. ऑपरेशन शहरातच झालं. त्यांनी पुष्कळ शोधलं, वापरता येईल असा एकही शुक्राणू मिळाला नाही. मी आधीच सांगून ठेवलं होतं की तपासणीचा तुकडा आमच्याच लॅबला पाठवा. चार दिवसांनी कामावर गेलो तर टेबलावर छोटी डबी होती, आत हळदीसारखं पिवळं द्रावण आणि तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. वर लेबलावर माझं नाव.

मॅडम म्हणाल्या, हे दुसऱ्याला करू दे. मी म्हणालो, मलाच करायचंय.  मग म्हणाल्या, हात थरथरला तर थांबायचं. हात थरथरला नाही. मेणाचा ठोकळा मशीनला लावला, काप निघत गेले, एकाला एक चिकटून त्यांची फीत झाली. फीत कोमट पाण्यावर सोडली, स्लाइडवर उचलली, सुकवली, निळा आणि गुलाबी रंग दिला. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. मुलीला शाळेत पोचवायच्या आधी बाप जसा भांग नीट पाडून देतो, तसं काहीतरी मी त्या तुकड्याचं करत होतो.

मॅडमच्या मायक्रोस्कोपला समोरासमोर दोघांना बघता येतं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि बाण फिरवत दाखवू लागल्या. आडव्या कापलेल्या नळ्या गोल दिसतात. नळीच्या कडेला मूळ पेशी असतात, त्या वाढत-बदलत आतल्या बाजूला सरकतात आणि शेवटी मध्यभागी शेपट्या आलेले शुक्राणू तयार होतात. माझ्या नळ्यांत कडेच्या पेशी होत्या. त्यांच्या पुढच्या पायरीच्या पेशीही भरपूर होत्या, मोठ्या, गोल, आत सुतासारखी गुणसूत्रं. त्याच्या पुढे काही नव्हतं. सगळ्या नळ्यांत सगळ्या पेशी त्याच पायरीपर्यंत आल्या होत्या आणि तिथेच मरून जात होत्या.

“काम सुरू होतंय,” मॅडम म्हणाल्या. “रोज सुरू होतंय. इथे अडतंय.”

का अडतंय, हे त्यांनी चहा मागवून सांगितलं. या पायरीवर पेशीतली गुणसूत्रं जोड्या लावतात. आईकडून आलेलं एक आणि वडिलांकडून आलेलं त्याच्याच नंबरचं दुसरं, अशी दोन शेजारी येऊन टोकापासून टोकापर्यंत चिकटतात. बावीस जोड्यांचं जमतं. तेविसावी जोडी पुरुषात बेजोड असते, आईचं एक्स मोठं आणि वडिलांचं वाय अगदी लहान. ती दोघं फक्त टोकाला चिकटतात, बाकीचा भाग मोकळा राहतो. पेशीला असा मोकळा भाग चालत नाही. म्हणून ती त्या दोघांना कडेला घेते, गुंडाळून घट्ट करते आणि त्यांच्यावरची जनुकं काही काळ बंद करून टाकते. बहुतेक सस्तन प्राण्यांत असंच चालतं, उंदरात, बोकडात, माणसात. हे बंद होणं चुकलं तर जे जनुक त्या वेळी बोलायला नको तेच बोलतं आणि पेशी मरते. तुझ्यात तसं असू शकेल, मॅडम म्हणाल्या. पण साध्या रंगात ते कळत नाही.

त्यांची एक जुनी मैत्रीण दुसऱ्या शहरात याच विषयावर संशोधन करते. माझी परवानगी घेऊन मॅडमनी उरलेला ठोकळा तिच्याकडे पाठवला. काही महिन्यांनी फोटो आले. एका बाजूला निरोगी पुरुषाची पेशी होती. काळ्या पार्श्वभूमीवर जोड्यांच्या लाल रेघा आणि कडेला एकच दाट हिरवा ठिपका, म्हणजे बंद केलेले एक्स आणि वाय. दुसऱ्या बाजूला माझी पेशी. काही रेघा तुटक होत्या आणि हिरवा रंग पेशीभर विस्कटला होता. ठिपका नव्हताच. मैत्रिणीनं लिहिलं होतं की इतर जोड्याही नीट लागलेल्या नाहीत, त्यामुळे एक्स-वाय गप्प न होणं हे मूळ कारण आहे की त्याचा परिणाम, हे सांगता येणार नाही. कुठल्या जनुकात बिघाड आहे तेही सापडलं नाही. औषध नाही.

मी तो फोटो मोबाइलवर घरी नेला आणि बायकोला सगळं समजावलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन हातात धरून तिनं ऐकलं, दोनदा परत विचारलं. मग म्हणाली, “म्हणजे सगळी पोरं जोडीनं बसलीत, दोघं गप्प बसत नाहीत, म्हणून धडाच पुढे सरकत नाही.”

मी म्हणालो, साधारण तसंच. तिला हसू आलं आणि मग मलाही. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर आम्ही एकत्र हसलो ते पहिल्यांदा. हसता हसता ती रडायला लागली, आणि या वेळी तिनं माझा हात बाजूला केला नाही.

आईलाही सांगायला लागलं, कारण तिनं विचारलं. एक्स आईकडून येतं हे ऐकून तिनं मला थांबवलं. “म्हंजी माज्याकडनं आलं व्हय?” मी म्हणालो, तुझ्याकडून एक आलं, आप्पांकडून एक आलं, दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत, त्यांना गप्प बसवणारं काहीतरी माझ्यात बिघडलंय, आणि ते कुठून आलं ते कुणालाच माहीत नाही.  “तुज्या आप्पांला गप बसवणं मलाबी जमलं न्हाय,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आम्हाला अजून अवघड जाते. दुसऱ्याच्या शुक्राणूंनी मूल होऊ शकेल असं डॉक्टर म्हणाले. बायको म्हणाली, तुम्हाला चालत असेल तर. मी आठ दिवस मागितले. माझे वडील चालताना डावा खांदा जरा उचलून चालायचे, मीही तसाच चालतो. लग्नात जुनी माणसं मला मागून ओळखतात. असं आणखी कुणी चालावं ही इच्छा, एवढंच मला त्या आठ दिवसांत सोडायचं होतं. सोडलं. पूर्ण सुटलं असं म्हणवत नाही. आम्ही दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा नऊ आठवडे राहिलं. त्या नऊ आठवड्यांत मी लॅबमधून येताना रोज तिला हवं ते घेऊन यायचो, कधी पेरू, कधी नव्या पेठेतून खारे शेंगदाणे, आणि खांद्याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मग एका सकाळी ते गेलं. बायको म्हणाली, आता पुरे. मी हो म्हणालो.

काम तेच आहे. कधी कधी म्हाताऱ्या माणसांचे वृषण येतात, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी काढून टाकलेले. सत्तरीतला, नातवंडं असलेला माणूस. त्याच्या नळ्यांतही मध्यभागी शेपट्यांचे झुबके दिसतात, कुणाला नको असलेले. त्यांच्या अलीकडच्या पेशींत, रंग चांगला चढला असला तर, कधी कडेला तो गडद ठिपका आहेसा वाटतो. मी मॅडमकडे स्लाइड नेण्याआधी जरा जास्त वेळ बघतो. हेवा वाटतो असं नाही. बघावंसं वाटतं. दुसऱ्याच्या घरातून फोडणीचा वास येतो तेव्हा आपण पायरीवर जरा थांबतो, तसं.

मागच्या हिवाळ्यात बायकोच्या शाळेची सहल उजनीच्या काठाला गेली. एक शिक्षक आजारी पडले म्हणून मला बरोबर नेलं. धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले होते. पोरांनी ते पाच मिनिटं बघितले आणि मग ती चिखलात उतरली. मी काठावर चपला सांभाळत बसलो. एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली, दात पडलेली, फ्रॉकला चिखल लागलेला. तिनं मला नीट न्याहाळलं.

“तुम्ही कुणाचे पप्पा?” तिनं विचारलं.

तिच्या हिशेबानं प्रश्न बरोबर होता. सहलीला आलेला, शिक्षक नसलेला मोठा माणूस कुणाचा तरी पप्पा असणारच.  मी म्हणालो, मी तुमच्या बाईंच्या घरचा. तिला ते पुरलं. तिनं चिखलाचा पाय माझ्यापुढे केला, मी बाटलीतल्या पाण्यानं तो धुतला, मग दुसरा धुतला, चपला घातल्या. ती पळत गेली. परतीच्या बसमध्ये ती कुणाच्या शेजारी बसलीय हे मी दोनदा वळून बघितलं. खिडकीला डोकं लावून झोपली होती. बस आदळायची तसं डोकं आपटायचं. मी उठलो आणि माझा रुमाल घडी करून मध्ये ठेवला.

घरी आल्यावर त्या मुलीचा प्रश्न बायकोला सांगितला. ती बादलीत सहलीचे टॉवेल भिजवत होती. वर न बघता म्हणाली, “आपण दत्तकासाठी नाव घालू या. मी फॉर्म बघून ठेवलाय. मागच्या वर्षीच. पण तुमच्या तोंडून काहीतरी येईपर्यंत थांबले होते.”

त्याच आठवड्यात नाव घातलं. वयाच्या रकान्यात, मुलगा की मुलगी या रकान्यात, आम्ही कुठलंही चालेल असं भरलं. घर बघायला एक बाई येऊन गेल्या, आईनंही वैरागहून येऊन त्यांना चहा दिला आणि न विचारता आपल्या उपासांची सगळी माहिती सांगितली. आता यादीत आहोत. नंबर कधी सरकतो, कधी महिनोन्‌महिने तिथेच असतो. बायको रोज बघते, मी आठवड्यातून एकदा बघतो असं सांगतो.

कुठेतरी एक मूल आहे, किंवा अजून व्हायचंय. त्याच्या आईवडिलांकडून त्याला काय मिळालं हे मला कधी कळणार नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही. त्याला कशाची भीती वाटते, कुठल्या कुशीवर झोपतं, भाकरी आवडते की चपाती, हे मात्र मला आत्ता माहीत असायला हवं होतं असं वाटत राहतं. काल बायकोनं विचारलं, खिडकीकडची खोली रंगवून घ्यायची का. मी म्हणालो, घेऊ की. कुठला रंग, ते अजून ठरत नाही.